गाडीचं दुखणं वहीत लिहा

मैत्रिणींनो, आजवर या सदरात आपण कुकरची शिट्टी, मिक्सरचं पातं, शिलाई मशीनचा तुटणारा दोरा, लोणच्यावरची बुरशी अशा घरातल्या कुरकुरींबद्दल बोलत आलो. आज जरा उंबरा ओलांडून अंगणात येऊ. तिथे उभी असलेली चारचाकी हीसुद्धा आता घरातलीच वस्तू झाली आहे. नवी कोरी नव्हे हं! पंधरा-वीस वर्षांची, कुणाच्या तरी हातची घेतलेली, हप्ते फिटलेली आणि आता दर महिन्याला काहीतरी मागणारी. ती रुसली की आपण म्हणतो, "ते पुरुषांचं काम." मीही तसंच म्हणत होते. पण गेल्या पावसाळ्यात त्या रुसव्याचं बिल माझ्याच डब्यापर्यंत आलं, तेव्हा डोळे उघडले.

आमची गाडी २००४ सालची. छोटी, पांढरी, पेट्रोलवरची. दोनदा नव्याने पासिंग झालेली. आमचं पाचोड हायवेवरचं गाव, मोसंबीच्या बाजाराचं. एसटीला तोटा नाही. पण सासूबाईंचे गुडघे एसटीची पायरी चढू देत नाहीत, आणि साखरेच्या तपासणीसाठी त्यांना दर महिन्याला संभाजीनगरला न्यावंच लागतं. म्हणजे आमची गाडी ही हौस नव्हे, सासूबाईंचे पाय आहेत म्हणा ना!

आषाढातली संध्याकाळ होती. तपासणी आटोपून परत निघालो. आडूळ मागे टाकलं आणि पाऊस कोसळायला लागला. यांनी हेडलाईट लावले, वायपर लावला, काच धुरकटली म्हणून आतला पंखाही लावला. गाडीने दोन झटके खाल्ले आणि चुपचाप झाली. मागून ट्रक भोंगे वाजवत अंगावर येतायत, मागच्या सीटवर सासूबाई, त्यांना पटकन उतरवता येत नाही, धाकटा रडतोय. यांनी कशीबशी ढकलून गाडी कडेला घेतली. दिवे बंद करून वीस मिनिटं बसलो, मग चालू झाली. घरी पोचेपर्यंत सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. घरी आल्यावर मात्र म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात मी जायची नाही. गोळ्या आहेत अजून." हे वाक्य मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला गेली. पेट्रोलचा पंप गेलाय म्हणाले. नवा पंप, मजुरीसकट ५,२०० रुपये. आठ दिवस गाडी छान चालली. त्या आठ दिवसांत पाऊस उघडला होता आणि आम्ही दिवसाउजेडीच फिरलो होतो, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही. नवव्या दिवशी पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजात कॉइल आणि प्लग बदलले, ३,६०० रुपये. तिसऱ्याने हात वर केले आणि म्हणाला, "कॉम्प्युटर गेलाय. नवा सोळा हजार."

आमच्याकडे सोळा हजार कुठले? मोसंबीला भाव नाही म्हणून दुकानाची उधारी अडकलेली. पोस्टात मात्र माझे अठरा हजार होते. मी बी. ए. झालेली, शाळेत तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवते. बी. एड. करायचं म्हणून तीन वर्षं तासांच्या मानधनातून साठवलेले ते पैसे. यांनी ते मागितले नाहीत. मागितले असते तर नाही तरी म्हणता आलं असतं! रात्री नुसते गप्प जेवले, आणि मी काय ते समजले.

तापाची वही

आता खरी गोष्ट ऐका. धाकटा लहान असताना त्याला सारखा ताप यायचा. डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला: "ताप केव्हा चढतो? रात्री की दिवसा? थंडी वाजून येतो का?" पहिल्या वेळी मला काहीच सांगता आलं नाही. तेव्हापासून मी वेळ आणि ताप लिहून ठेवू लागले. तीच सवय अंगात असावी. गाडी पहिल्यांदा बंद पडली त्या रात्रीच मी शाळेच्या वहीच्या शेवटच्या पानावर तारीख टाकली होती, आणि पुढे प्रत्येक वेळी टाकत गेले.

गाडी किती वाजता बंद पडली, पाऊस होता का, इंजिन तापलेलं होतं का, दिवे-पंखा-वायपर यांतलं काय काय चालू होतं, आणि पुन्हा कशी सुरू झाली, एवढंच लिहायचे. आठ नोंदी झाल्या. कॉम्प्युटरच्या बातमीच्या रात्री ते पान उघडून बसले, तेव्हा आठही नोंदींत एक गोष्ट सारखी दिसली. हेडलाईट प्रत्येक वेळी लावलेले होते. दुपारच्या उन्हात, कितीही गर्दीत, कितीही तापलेली असताना गाडी एकदाही बंद पडली नव्हती. आणि एक बारीक नोंद होती: "दिवे लावले की टेंपरेचरचा काटा जागचा हलतो. पंखा लावला की आणखी." हे मी यांना आधीही बोलले होते. तेव्हा हसून म्हणाले होते, "काट्याकडे काय बघतेस, रस्त्याकडे बघ."

ती वही घेऊन आम्ही संभाजीनगरला एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. फक्त गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात. चाचांनी चष्मा लावून आठही नोंदी वाचल्या आणि यांना विचारलं, "हे कुणी लिहिलं?" यांनी माझ्याकडे बोट केलं. चाचा म्हणाले, "ताई, अर्धं काम तुम्हीच केलंय. कॉम्प्युटरला हात लावू नका. अर्थिंग बघू."

बोनेट उघडलं. बॅटरीच्या ट्रेखाली, इंजिनापासून गाडीच्या पत्र्याला जोडणारी विणलेली जाड पट्टी होती, ती हिरवी पडून कुरतडल्यासारखी झालेली. वर तिचा बोल्ट रंगाने माखलेला. दोन वर्षांपूर्वी डेंटिंग-पेंटिंग केलं तेव्हा पत्रा खरवडून न घेता रंगावरच बोल्ट आवळला होता. चाचांनी दिवे, पंखा, वायपर सगळं चालू ठेवून मीटर लावलं. बॅटरीची वजा बाजू आणि पत्रा यांच्यात जवळजवळ तीन व्होल्ट दाखवत होतं. खरं तर तिथे शून्याच्या आसपास दिसायला हवं. नवी पट्टी टाकली, पत्रा कानसने घासून चकचकीत केला, बोल्ट आवळला. काटा जागचा हलेना. पट्टी आणि मजुरी मिळून साडेतीनशे रुपये!

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसे आम्ही आधी पंप फाशी दिला, मग कॉइल, आणि तिसरा कॉम्प्युटर वधस्तंभाकडे निघालाच होता.

ही गाडी विजेवर एवढी का अवलंबून?

तुम्ही म्हणाल, गाडी तर पेट्रोलवर चालते, मग विजेचं एवढं काय? जुन्या काळच्या अँबॅसिडर किंवा मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी आठवा. त्यांत कार्बोरेटर असायचा. हवेच्या ओढीने पेट्रोल आपसूक खेचलं जायचं, आपली आजी अंदाजाने मूठभर मीठ टाकायची तसं. प्लग, पॉइंट, कंडेन्सर साफ केलं की निम्मी दुखणी पळायची.

पुढे धुराचे नियम कडक झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली दिल्ली परिसरातल्या नव्या गाड्यांसाठी युरो-२ची मर्यादा घातली, ती १ एप्रिल २०००पासून. मग कंपन्यांना मापून पेट्रोल देणारी यंत्रणा बसवावीच लागली. १९८३च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८००मध्येसुद्धा २०००च्या सुमारास कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. त्या गाडीचं उत्पादन २०१४च्या जानेवारीत थांबलं, पण आपल्या गावोगावी ती अजून धावते आहे. आणि हे फक्त चारचाकीचं नाही. एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ लागू झाल्यापासून नव्या स्कूटींमध्येही बहुतेक हीच पद्धत आहे. तेव्हा हा लेख स्कूटीवाल्या मैत्रिणींनीही जपून ठेवा.

या पद्धतीत काय होतं? टाकीतला विजेचा पंप पेट्रोल दाबाने पुढे पाठवतो. इंजिनावरचे सेन्सर हवा किती येते, इंजिन किती गरम आहे, किती वेगाने फिरतं आहे हे कॉम्प्युटरला कळवतात. मग कॉम्प्युटर इंजेक्टरला सांगतो, एवढंच पेट्रोल सोड. म्हणजे मीठ आता अंदाजाने नाही, मापाच्या चमच्याने. पण हा मापाचा स्वयंपाक पूर्ण विजेवर चालतो. वीज कमी पडली की पंप मंदावतो, सेन्सर भलतंच सांगतात, आणि दोष मात्र पंपाच्या किंवा कॉम्प्युटरच्या माथी येतो.

आता अर्थिंग म्हणजे काय? बॅटरीतून वीज वायरने दिव्यापर्यंत, पंपापर्यंत जाते. पण परत येताना ती वेगळ्या वायरने येत नाही, गाडीच्या पत्र्यातून येते. पत्रा आणि इंजिन यांना जोडणाऱ्या पट्ट्या म्हणजे परतीचा पूल. पूल खचला की थोडी माणसं कशीबशी येतात. पण जत्रा फुटली की चेंगराचेंगरी! दिवसा नुसता पंप चालतो, तो निभावतो. संध्याकाळी पावसात दिवे, वायपर, पंखा सगळ्यांची वीज एकाच वेळी परत यायला निघते, आणि बिचाऱ्या पंपाच्या वाट्याला पुरेशी उरत नाही. आमची गाडी नेमकी तेव्हाच का रुसायची ते आता कळलं ना? आणि सगळे फसले ते एका गोष्टीमुळे. सेल्फ जोरात लागायचा, म्हणून जो तो म्हणे, "बॅटरी-अर्थिंग ठीकच आहे." पण आमच्या गाडीत बॅटरीची जाड वायर सरळ गिअरबॉक्सला गेलेली आहे. सेल्फची वीज तिकडूनच परतते, ती त्या खचलेल्या पुलावरून जातच नाही.

स्वस्तापासून महागाकडे

चाचांकडून शिकलेला आणि आता आमच्या घरात पाळला जाणारा क्रम देते. यातलं बरंचसं बघण्याचं आणि ऐकण्याचं काम आहे, आणि ते आपल्याला चांगलं जमतं. मात्र आधी हातातल्या धातूच्या बांगड्या, अंगठी काढून ठेवा, मंगळसूत्र आत सारा, पदर किंवा ओढणी खोचून घ्या. चावी काढून घ्या, कारण काही गाड्यांत इंजिन बंद असलं तरी रेडिएटरचा पंखा आपोआप फिरू लागतो.

१. आधी ऐका. गाडीत शांत बसून चावी 'ऑन'वर करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक 'घूं' असा आवाज येतो, तो पंपाचा. त्याच वेळी समोर इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा लागतो आणि गाडी सुरू झाल्यावर विझतो. दिवाही नाही आणि आवाजही नाही, तर कॉम्प्युटरलाच वीज पोचत नसावी. फ्यूज आणि मुख्य रिले बघायला सांगा. दिवा आहे पण आवाज नाही, तर पंपाचा फ्यूज, रिले किंवा वायर. दोन्ही ठीक आणि तरी गाडी सुरू होत नाही, तर दुखणं दुसरीकडे आहे. एवढ्या एका परीक्षेने मिस्त्रीचा निम्मा वेळ वाचतो.

२. बॅटरीची टोकं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली की अर्धा पेला कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या दातांच्या ब्रशने घासा. पाणी बॅटरीच्या झाकणांत जाऊ देऊ नका. काढताना वजा टोक आधी काढा, लावताना ते शेवटी लावा. कोरडं पुसून घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. हाताने हलवून टर्मिनल फिरलं तर ते सैल आहे असं समजा.

३. मीटरचे आकडे. दोन-तीनशे रुपयांत साधं मीटर मिळतं. डीसी २०वर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.५ च्या आसपास हवं. १२ च्या खाली म्हणजे बॅटरी जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी थकली. गाडी चालू असताना १३.८ ते १४.५ हवं. तेव्हाही साडेबाराच दिसलं तर अल्टरनेटर भरत नाही. १५ च्या वर गेलं तर मात्र गाडी चालवूच नका, त्याने कॉम्प्युटर खरोखर जळू शकतो.

४. अर्थिंग. दिवे आणि पंखा चालू ठेवून मीटरची एक सुई बॅटरीच्या वजा टोकावर, दुसरी उघड्या पत्र्यावर, म्हणजे रंग नसलेल्या जागी. मग तीच इंजिनावर. शून्य दशांश दोनपर्यंत ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर पट्टी आणि बोल्ट साफ करून घ्या. मीटर नसेल तर डोळ्यांनी बघा: दिवे लावले की मीटरमधले काटे हलतात का, इंडिकेटरबरोबर दुसराच दिवा लुकलुकतो का, हेडलाईट पिवळट पडतात का. ही अर्थिंग बिघडल्याची घरगुती लक्षणं.

५. फ्यूज आणि रिले. फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: १० अँपियरचा लाल, १५चा निळा, २०चा पिवळा, ३०चा हिरवा. ज्या रंगाचा उडाला त्याच रंगाचा घाला. चॉकलेटची चांदी किंवा तारेचा तुकडा कधीही नको. फ्यूज हा घरच्या राखणदारासारखा आहे, त्याला झोपवून चोर आत घेऊ नका. रिले गेल्याचा संशय असेल तर मिस्त्री अगदी त्याच नंबरचा हॉर्नचा रिले काढून तिथे लावून बघतो. फुकटची परीक्षा आहे, ती आधी करायला सांगा.

६. वायर, कपलर आणि उंदीर. मोसंबीच्या किंवा धान्याच्या गोदामाशेजारी गाडी उभी राहत असेल तर उंदीर वायर कुरतडतात. बोनेटखाली लेंड्या किंवा चिंध्या दिसल्या तर शोध तिथूनच सुरू करा. तसंच नंतर बसवलेलं टेप, जादा हॉर्न, गॅसचा किट यांच्या वायरी नुसत्या पिळून पट्टी गुंडाळलेल्या असतात. दुखणं पुष्कळदा त्या पट्टीखालीच दबा धरून बसलेलं असतं.

७. सेन्सर आणि कॉइल. गाडी तापल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने निवल्यावर आपोआप सुरू होते, असं असेल तर इंजिनाच्या फिरण्याची खबर देणारा सेन्सर किंवा कॉइल यांचा संशय घ्यावा. फक्त पावसात, धुतल्यावर झटके खाते, तर प्लगच्या वायरी आणि कपलरमधला ओलावा.

८. कॉम्प्युटर सगळ्यात शेवटी. तो बिघडत नाही असं नाही, पण वरचं सगळं तपासल्याशिवाय त्याचं नाव घेऊ देऊ नका.

हे मात्र करू नका

पूर्वी जीप-ट्रॅक्टरवाले इंजिन चालू असताना बॅटरीचं टोक उपटून बघत. गाडी चालू राहिली तर डायनॅमो चांगला! इंजेक्शनच्या गाडीत हा प्रयोग कुणाला करू देऊ नका. त्या क्षणी विजेचा जो उसळा येतो त्याने धडधाकट कॉम्प्युटर जातो. गाडीवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीची टोकं काढायला सांगा. पेट्रोलचा वास येत असेल तर कुठलीही परीक्षा नको. चावी फिरवू नका, मुलांना दूर न्या आणि मिस्त्रीला बोलवा. बॅटरीजवळ काडी किंवा उदबत्ती नको, चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. आणि रात्री हायवेवर गाडी बंद पडली तर बोनेट उघडून शोध लावत बसू नका. आधी धोक्याचे चारही दिवे लावा, गाडीतल्या सगळ्यांना डाव्या बाजूने उतरवून रस्त्यापासून लांब उभं करा. त्या रात्री आम्ही सासूबाईंना गाडीतच बसवून ठेवलं, ती आमची चूक होती. आता डिकीत एक घडीची खुर्ची असते.

गॅरेजात बोलायचं कसं?

नुसतं "गाडी बंद पडते" म्हणू नका. ते "पोटात दुखतं" म्हणण्यासारखं झालं. केव्हा, किती वेळाने, काय चालू असताना, आणि परत कशी सुरू होते हे सांगा. त्याने मशीन लावून "अमुक सेन्सरचा कोड आलाय" म्हटलं तर लगेच सेन्सर बदलायला हो म्हणू नका. कोड म्हणजे तक्रार कुठून आली ते कळलं; सेन्सर खराब, की त्याची वायर तुटलेली, की अर्थिंग नाही, हे अजून कळायचं असतं. "वायर आणि कपलर तपासलं का?" एवढं एक वाक्य पाठ करा. बदललेला जुना भाग परत मागून घ्या, बिलावर त्याचं नाव लिहून घ्या. आणि सुटा भाग एका वेळी एकच बदलायला सांगा. तीन एकदम बदलले तर गुण कशाने आला ते कधीच कळत नाही.

हेही सांगते, मिस्त्री सगळे लबाड नसतात. आम्हाला भेटलेले तिघेही लबाड नव्हते. गाडी त्यांच्यासमोर दिवसा, कोरड्या जागी उभी होती आणि तिथे ती शहाण्यासारखी वागत होती. डॉक्टरसमोर ताप उतरलेला असतो ना, तसं! म्हणून तर वही हवी.

एका भगिनीचा प्रश्न

अंबडहून एका भगिनीने विचारलं आहे: "आमची जुनी गाडी चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. नवी बॅटरी घातली तरी तेच. काय करावं?"

भगिनी, चावी काढल्यावरही गाडीत कुठेतरी वीज खर्च होते आहे. रात्री अंधारात गाडीशेजारी उभं राहून डिकीतला आणि डॅशबोर्डच्या कप्प्यातला दिवा झाकण लावल्यावर विझतो का ते फटीतून बघा. नंतर बसवलेला टेप किंवा मोबाईलचा चार्जर असेल तर दोन-चार दिवस त्याची जोडणी काढून ठेवा. तरीही उतरली, तर वायरिंगवाल्याला बॅटरीच्या वायरीत मीटर जोडून गळती मोजायला सांगा. सगळं बंद असताना पन्नास मिलिअँपियरच्या आत हवी. जास्त असेल तर तो एकेक फ्यूज काढून बघेल. ज्या फ्यूजने आकडा खाली येईल, त्या वाटेवर चोर आहे. तोवर तिसरी बॅटरी घेऊ नका!

जाता जाता

आमच्या गाडीला आता सात-आठ महिने झाले. रात्री, पावसात, दिवे-पंखा लावून चार-पाच वेळा संभाजीनगरला जाऊन आलो, एकदाही बंद पडली नाही. सासूबाई पहिल्यांदा पुन्हा निघाल्या तेव्हा गाडीत बसायच्या आधी मला म्हणाल्या, "वही घेतलीस ना?" ती आता गाडीच्या कप्प्यातच असते. यांचं अक्षर वाईट, पण आता तेही लिहितात. परवा एका पानावर "काटा स्थिर" असं लिहिलेलं दिसलं, मी काही बोलले नाही.

आधीचे ८,८०० रुपये गेले ते गेले. पोस्टातले अठरा हजार मात्र तसेच आहेत. बी. एड.च्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरलाय. बघू या.

तुमच्याही अंगणात अशी एखादी रुसकी गाडी असेल, तर आज रात्री जेवणं आटोपल्यावर एक जुनी वही काढा, शेवटचं पान उघडा आणि तारीख टाका. पुढच्या वेळी उन्हाळी वाळवणांकडे वळू. कुरडया तुटू नयेत म्हणून चीक किती शिजवावा, यावर पुष्कळ पत्रं आली आहेत.